फुकटच्या कार्डावर हॉटेलचा बोनस: तुलना कोणत्या क्रमाने करायची

‘लाइफटाइम फ्री कार्ड, वर हॉटेलात राहायला पॉइंट’ असं ऐकलं की आपल्याकडे लोक आधी सही करतात. पॉइंट किती मिळणार हे सही झाल्यावर विचारतात आणि ते वापरायचे कुठे याचा शोध वर्षभराने सुरू होतो. तोवर निम्मे पॉइंट मुदत संपून गेलेले असतात. खरा क्रम उलटा आहे: आधी मुक्कामाचं गाव, मग घरचा खर्च आणि सगळ्यात शेवटी क्रेडिट कार्ड. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या घरांचा खर्च डोळ्यासमोर ठेवून खालच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या पगारदाराला चालणारा हिशेब इथे जसाच्या तसा चालत नाही.

तयारी: एक कागद आणि अर्धा तास

अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी समोर घ्या. पहिली, गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा इतिहास. दुसरी, येत्या वर्षात बाहेरगावी कुठे राहावं लागणार याची यादी: लग्नं, मुलाची परीक्षा, दवाखाना, देवदर्शन, जे असेल ते. तिसरी, तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यासाठी कुणा एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असेल तर निवांत पुढे जा.

पॅन आणि आधारवरचं नावही आत्ताच जुळवून पाहा. सातबाराच्या सवयीने एकावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, एकावर वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. अर्ज इथेच अडकतो. हॉटेलच्या सदस्य खात्यावरचं (जिथे पॉइंट जमा होतात त्या) नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं नाही तर पुढे पॉइंटही अडकतात.

पायरी १: मुक्कामाचं गाव आणि तिथलं हॉटेल ठरवा

पॉइंट ठरावीक साखळीच्या हॉटेलातच चालतात. म्हणून कार्डाच्या जाहिरातीकडे पाहण्याआधी नकाशाकडे पाहा.

नंदुरबार, शहादा, तळोद्याची मंडळी कामाला सुरतेला जातात. रावेर-यावलकडच्यांना बुऱ्हाणपूर आणि इंदूर जवळ. चाळीसगाव-पाचोऱ्याचे लोक नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर धरतात. जळगाव-भुसावळकर रात्रीच्या गाडीने मुंबई-पुणे गाठतात. या गावांत साखळी हॉटेलं आहेत: नाशिकला आयबिस आणि रॅडिसन ब्लू, संभाजीनगरला विवांता, सुरतेला कोर्टयार्ड बाय मॅरिएट, इंदूरला मॅरिएट आणि रॅडिसन ब्लू. मुंबई-पुण्याला तर सगळेच.

आता स्वतःला खरं उत्तर द्या. शिर्डीला तुम्ही भक्तनिवासात उतरता की नाही? पुण्याला भाच्याकडेच मुक्काम असतो ना? तोरणमाळला गेलात तर एमटीडीसीची खोली घेता? असं असेल तर हॉटेलचे पॉइंट तुमच्या कामाचे नाहीत. इथेच थांबा आणि साधं कॅशबॅकचं कार्ड बघा. हे सांगणारा माणूस कार्ड विकणाऱ्या टेबलावर भेटत नाही.

साखळी हॉटेलात वर्षाला दोन-तीन रात्री तरी राहणं होणार असेल तर कागदावर लिहा: गाव, हॉटेल, साधारण तारीख आणि त्या तारखेचं करासह रोख भाडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ₹४,००० ची खोली हातात ₹४,२०० ला पडते. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा राहणार आहे, म्हणून अंदाजे लिहू नका, हॉटेलच्या साइटवर तारीख टाकून बघा.

तपासणी: निवडलेली तारीख गर्दीची आहे का? नाशिकला २०२७ मधल्या सिंहस्थाच्या पर्वणीचे भाव बाकी वर्षाला लावू नका.

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आकडे डोक्यात बसले असतील तर ते काढून टाका. हिल्टन ऑनर्स अमेरिकन एक्सप्रेस किंवा मॅरिएट बॉनव्हॉय बोल्ड यांसारखी वार्षिक फी नसलेली हॉटेलची कार्डं तिथे आहेत आणि त्यांचे बोनस डोळे दिपवणारे असतात. पण ती तिथल्या रहिवाशांसाठी आहेत. भारतात मॅरिएटचं कार्ड एचडीएफसी बँक देते, त्याला मात्र वार्षिक फी आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला असेल तर गोष्ट वेगळी. त्यांनी तिथे कार्ड घ्यावं आणि पॉइंटवर तुमच्या नावाने खोली बुक करावी. अमेरिकन एक्सप्रेस तिथे एका कार्डाचा स्वागत-बोनस साधारण आयुष्यात एकदाच देते, म्हणून घाईने लहान बोनसवर सही करू नये, एवढं त्यांना सांगा.

पायरी २: ‘फुकट’ म्हणजे नक्की काय ते लिहून घ्या

‘फ्री’ या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार विकले जातात.

लाइफटाइम फ्री: जॉइनिंग फी नाही, वार्षिक फी कधीच नाही.

पहिलं वर्ष फ्री: दुसऱ्या वर्षी फी लागते, तीही १८ टक्के जीएसटीसह. ₹२,००० ची फी प्रत्यक्षात ₹२,३६० होते.

खर्चावर माफ: वर्षात अमुक लाख वापरले तर फी नाही, नाही वापरले तर आहे.

चौथा एक प्रकार आहे, तो फुकट नाहीच. ‘₹१,००० फी भरा, ₹१,००० चं व्हाउचर घ्या.’ इथे तुमचेच पैसे अटी घालून परत मिळतात आणि जीएसटी गेला तो गेलाच. याला बोनसच्या रकान्यात जागा देऊ नका.

बँकेने अर्जासोबत एक पानाचं मुख्य माहितीपत्रक द्यायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फुकट म्हणून दिलेल्या कार्डात छुपे आकार नसावेत असंही तोच नियम सांगतो. टेबलावरचा मुलगा ‘काय भो, बिनधास्त सही करा’ म्हणाला तरी ते पान मागा. तोंडी ‘लाइफटाइम’ आणि पानावर ‘पहिलं वर्ष’ असेल तर पान खरं.

सावध: तेच कार्ड एका मार्गाने लाइफटाइम फ्री आणि दुसऱ्या मार्गाने फीचं असू शकतं. बहुतेक वेळा फीच्या मार्गावर बोनस असतो आणि फुकटच्या मार्गावर नसतो. दोन्हींची चांगली बाजू एकत्र धरून हिशेब करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

पायरी ३: बोनसचा प्रकार ओळखा

बोनस चार रूपांत येतो आणि चारही एका तराजूत बसत नाहीत.

हॉटेलचे पॉइंट थेट सदस्य खात्यात जमा होतात. बँकेचे पॉइंट आधी हॉटेलकडे वळवावे लागतात आणि त्यात दोनाला एक असा भाव असू शकतो. हॉटेल व्हाउचरवर रुपयांचा आकडा असतो. चौथं रूप सवलतीचं कुपन: ‘किमान ₹१०,००० च्या बुकिंगवर ₹१,५०० सूट’, तेही ठरावीक साइटवरून, बहुधा शनिवार-रविवार सोडून. कुपनाची किंमत मी शून्य धरतो. तशी सूट त्याच साइटवर कार्ड नसलेल्यालाही कधी ना कधी मिळते.

‘सिल्व्हर’, ‘गोल्ड’ असा सदस्य-दर्जा देणाऱ्या कार्डांचंही तसंच. उशिरा चेक-आउट आणि पाण्याची बाटली यासाठी कार्ड निवडू नका.

पायरी ४: खर्चाची अट घरच्या वर्षाशी लावून बघा

सगळी मेख या पायरीत आहे, इथे घाई करू नका.

अट साधारण अशी असते: कार्ड सुरू झाल्यापासून ३०, ६० किंवा ९० दिवसांत इतका खर्च करा. पहिला प्रश्न, दिवस कधीपासून मोजायचे? बऱ्याच बँका ‘कार्ड सेट-अप’ची तारीख धरतात, म्हणजे त्यांच्या यंत्रणेत कार्ड तयार झालं तो दिवस. कुरिअर शहाद्याला किंवा अमळनेरच्या खेड्यावर पोचेपर्यंत, मग ओटीपी, मग पिन, यात आठ-दहा दिवस सहज जातात. ३० दिवसांच्या अटीत तुमच्या हाती वीसच उरतात.

दुसरा प्रश्न, कोणता खर्च मोजला जातो? पेट्रोल-डिझेल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, रोख उचल आणि हप्त्यांवर फिरवलेली खरेदी हे बहुतेक कार्डांवर मोजलं जात नाही. विमा, वीजबिल, शाळेची फी आणि सरकारी भरणा यांचे नियम बँकेगणिक वेगळे आहेत. म्हणून ‘आमचा महिन्याचा खर्च ₹४०,०००’ असं म्हणू नका. स्टेटमेंट घ्या आणि न मोजल्या जाणाऱ्या ओळींवर पेन्सिलीने काट मारा. ट्रॅक्टरचं डिझेल, किराणावाल्याला दिलेली रोख आणि मुलाच्या हॉस्टेलचं भाडं कापल्यावर ₹४०,००० चे ₹१५,००० राहिलेले मी खूप घरांत पाहिले आहेत.

तिसरा प्रश्न, ज्याला पैसे देता तो कार्ड घेतो का? कृषी केंद्रावर खरीपाचं बियाणं-खत बहुतेकांचं उधारीवर असतं आणि ते कपाशी विकल्यावर फिटतं. तिथे मशीन असेल का ते जूनच्या आधीच विचारा. लग्नात मोठा पैसा जातो, पण मंडपवाला, आचारी आणि बँडवाला रोखच मागतात. कापड दुकान, भांड्यांचं दुकान आणि इलेक्ट्रॉनिक्स इथे मात्र कार्ड चालतं.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे क्यूआर असलेल्या दुकानात ते चालतं. पण फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरवर. भाजीवाल्याने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर क्रेडिट कार्डाने पैसे जाणार नाहीत. शिवाय काही कार्डांवर यूपीआयचा खर्च बोनसच्या अटीत धरत नाहीत किंवा त्याला पॉइंट कमी देतात. अटींमध्ये ‘यूपीआय’ हा शब्द शोधून वाचा.

आता सोनं. जळगावात बसून या विषयावर लिहायचं आणि सोन्याबद्दल बोलायचं नाही, असं होणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, घरात काहीतरी घडणावळ होतेच आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच विचार येतो: एका स्वाइपमध्ये अट पूर्ण. दोन गोष्टी आधी पाहा. दागिन्यांचा खर्च त्या कार्डावर मोजला जातो का? आणि सराफ कार्डावर वेगळे पैसे लावतो का? अनेक दुकानांत दीड-दोन टक्के जास्त मागतात. एक लाखाच्या खरेदीवर दोन टक्के म्हणजे ₹२,०००. बोनसच ₹२,५०० चा असेल तर उरले पाचशे, आणि त्यासाठी तुम्ही भाव करायची ताकदही घालवली, कारण रोख किंवा थेट बँक ट्रान्सफर म्हटलं की सराफ घडणावळीत थोडं सोडतो. दुकानात पाय ठेवण्याआधी फोनवर विचारा: ‘कार्डावर भाव तोच का?’

म्हणून अर्जाची वेळ घरच्या कॅलेंडरवरून ठरवा. ९० दिवसांची खिडकी अशी ठेवा की ठरलेला खर्च त्यात आपोआप पडेल. लग्नाचा बस्ता असेल तर त्याच्या आधी महिनाभर, मुलीचा लॅपटॉप घ्यायचा असेल तर कॉलेज सुरू होण्याआधी. कपाशीचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो, त्याच्या आधी उन्हाळ्यात मोठ्या अटीचं कार्ड घेऊन बिल कशातून भरणार?

सावध: अट पूर्ण करायला भाच्याचा मोबाइल, शेजाऱ्याचा टीव्ही आपल्या कार्डावर घेऊ नका. पैसे वेळेवर येणार नाहीत, बिल मात्र येईल. दुसरं असं की वर्षभरात कार्डाची बिलं ₹१० लाख किंवा जास्त भरली, किंवा ₹१ लाख रोखीने भरली, तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. खर्च दुसऱ्याचा असला तरी नोंद तुमच्या पॅनवर होते.

पायरी ५: एका पॉइंटचा भाव पैशांत काढा

दहा हजार पॉइंट म्हणजे किती रुपये, हे पॉइंटच्या जातीवर ठरतं.

काही ठिकाणी भाव बांधलेला असतो. अकोरच्या साखळीत २,००० पॉइंट म्हणजे ४० युरोची सूट, आणि नाशिकचं आयबिस याच साखळीतलं. टाटा न्यूचा एक कॉइन म्हणजे एक रुपया, तो ताज, विवांता, जिंजर यांच्या आयएचसीएल समूहात वापरता येतो. इथे डोकं लावायचं कारण नाही.

मॅरिएट आणि हिल्टन मात्र ठरावीक तक्ता छापत नाहीत. तीच खोली मंगळवारी कमी पॉइंटला आणि शनिवारी दीडपट पॉइंटला असू शकते. म्हणून हा हिशेब तुमच्याच तारखेचा करा: करासह रोख भाडं भागिले लागणारे पॉइंट. ₹४,२०० च्या खोलीला ८,४०० पॉइंट लागत असतील तर एका पॉइंटचे ५० पैसे. सोपी मोजणी आहे, पण ती एका तारखेवर न करता तीन तारखांवर करा आणि मधला आकडा धरा. इंटरनेटवर कुणीतरी मालदीवच्या रिसॉर्टवरून काढलेला एक रुपयाचा भाव सुरतेच्या खोलीला लावू नका.

बँकेचे पॉइंट असतील तर आधी वळवण्याचा भाव लावा. दोनाला एक असेल तर जाहिरातीतले १०,००० हॉटेलात ५,००० होतात.

मुदतही लिहून ठेवा. खात्यात काहीच हालचाल नसेल तर मॅरिएट, हिल्टन आणि हयातचे पॉइंट २४ महिन्यांनी जातात, आयएचजीच्या साध्या सदस्याचे १२ महिन्यांनी, अकोरचे ३६५ दिवसांनी. वर्षातून एकदाच बाहेर पडणाऱ्या घराला बारा महिन्यांची मुदत म्हणजे एक हुकलेली सुट्टी आणि खातं रिकामं.

तपासणी: बोनसचे पॉइंट एका पूर्ण रात्रीला पुरतात का? नसतील पुरत, तर उरलेले कुठून आणणार, हे कागदावर लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी ६: तीन कार्डं शेजारी ठेवून वजाबाकी करा

खालची कार्डं काल्पनिक आहेत, आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतले आहेत. घर जळगावचं, मोजला जाणारा खर्च महिन्याला ₹२०,०००. नाशिकला दोन रात्री राहायचंय, रात्रीचे ₹४,२०० किंवा ८,४०० पॉइंट.

कार्ड अ: लाइफटाइम फ्री, बँकेचे १०,००० पॉइंट, अट ३० दिवसांत ₹३०,०००. वळवण्याचा भाव दोनाला एक.

कार्ड ब: लाइफटाइम फ्री, ₹१,५०० चं हॉटेल व्हाउचर, किमान बुकिंगची अट नाही, ३० दिवसांत एक व्यवहार.

कार्ड क: पहिलं वर्ष फ्री, दुसऱ्या वर्षी ₹२,३६०. हॉटेलचे २०,००० पॉइंट, अट ९० दिवसांत ₹१,५०,०००.

जाहिरातीत ‘अ’ ‘ब’च्या कितीतरी पुढे दिसतं. पण १०,००० चे ५,००० झाले आणि एका रात्रीला ८,४०० हवेत. ३,४०० कमी पडले, म्हणजे बँकेचे ६,८०० पॉइंट अजून कमवायचे. कार्ड शंभर रुपयाला दोन पॉइंट देत असेल तर त्यासाठी ₹३,४०,००० खर्च लागतो. महिन्याला ₹२०,००० च्या घराला सतरा महिने! तोवर खोलीला लागणारे पॉइंट वाढले नाहीत तर नशीब. वर पहिल्याच महिन्याच्या अटीला ₹१०,००० कमी पडताहेत ते वेगळंच. ‘अ’ बाद.

‘क’चे २०,००० पॉइंट म्हणजे दोन रात्री, ₹८,४००, वर ३,२०० पॉइंट शिल्लक. ते शून्यच धरा. नव्वद दिवसांत घरचा खर्च ₹६०,००० होतो, ₹९०,००० कमी पडतात. आखाजीला तेवढं सोनं घ्यायचंच होतं, सोनं अटीत मोजलं जातं आणि सराफाने दोन टक्के लावले, असं धरलं तर ₹१,८०० गेले. उरले ₹६,६००. वर्ष संपण्याआधी कार्ड बंद करायचं विसरलात तर ₹२,३६० आणखी गेले, उरले ₹४,२४०. आणि सोनं घ्यायचं नसताना घेतलं असेल तर हा हिशेबच करू नका.

‘ब’चे ₹१,५०० एका किराणा बिलात पदरात पडतात.

सोनं किंवा तसला मोठा ठरलेला खर्च असलेल्या घराने ‘क’ घ्यावं आणि बंद करायची तारीख कॅलेंडरवर टाकावी. बाकीच्यांनी ‘ब’. आकडा लहान वाटतो, पण तो हातात येणारा आहे.

सावध: या वजाबाकीत व्याज कुठेच नाही, कारण बिल पूर्ण भरलंच जाणार असं धरलं आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ‘किमान देय’ भरलं की उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ₹५०,००० दोन महिने मागे राहिले तर साधारण ₹३,५०० व्याज, वर त्यावरचा जीएसटी. नाशिकची जवळपास एक रात्र त्यातच गेली.

पायरी ७: अर्ज, एका वेळी एकच

तीन टेबलांवर तीन अर्ज भरले की तीन बँका तुमचा रिपोर्ट तपासतात. त्या चौकशा रिपोर्टवर दिसतात आणि स्कोअर थोडा उतरतो. एक अर्ज करा, निकाल लागू द्या, दुसऱ्यासाठी चार-सहा महिने थांबा.

अर्जाआधी बँकेच्या साइटवर आपला पिनकोड टाकून पाहा. बऱ्याच बँका तालुक्याच्या गावापर्यंत कार्ड देतात, खेड्यावर नाही. त्यासाठी जळगावच्या पाहुण्याचा पत्ता ‘राहण्याचा पत्ता’ म्हणून लिहू नका, पडताळणीत अर्ज फेटाळला जातो. व्हिडिओ केवायसीला पांढरा कागद, निळं पेन, मूळ पॅन आणि चार रेघा नेटवर्क एवढं लागतं. शेतातून करू नका.

शेतीच्या उत्पन्नावर विवरणपत्र भरत नसाल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा सरळ रस्ता आहे. मात्र त्या कार्डावर स्वागत-बोनस आहे का ते वेगळं विचारा.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं काम: अर्ज पाठवण्याच्या दिवशी बोनसचं पान आणि अटींचं पान यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. ऑफर महिन्याला बदलतात आणि जुनं पान पुन्हा सापडत नाही.

पायरी ८: कार्ड हातात पडल्यावरचा पहिला आठवडा

कार्ड लगेच सुरू करा. ३० दिवसांत सुरू केलं नाही तर बँक ओटीपीने संमती मागते आणि संमती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करते.

त्याच दिवशी चार कामं उरका. बँकेकडून कार्ड सेट-अपची तारीख विचारून शेवटचा दिवस कॅलेंडरवर टाका, त्यात पाच दिवस आधीची आठवण लावा. हॉटेलच्या साखळीचं फुकट सदस्यत्व घ्या, नाव कार्डावरच्यासारखंच. बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करा, किमान रकमेची नव्हे. परदेशी आणि रोख उचलीचे व्यवहार ॲपमधून बंद ठेवा.

अटीच्या आकड्यावर हजार-दोन हजार जास्तच खर्च करा. परत केलेला शर्ट, रद्द झालेलं तिकीट यांची रक्कम वजा होते आणि नेमक्या आकड्यावर थांबलेला माणूस ₹३०० नी हुकतो.

तपासणी: शेवटच्या दिवसाच्या खरेदीवर भिस्त ठेवू नका. काही बँका स्वाइपची तारीख धरतात, काही खात्यावर नोंद झाल्याची.

पायरी ९: बोनस आला नाही तर

बोनस लगेच येत नाही, अटींमध्ये ६० किंवा ९० दिवस लिहिलेले असतात. ती मुदत संपेपर्यंत फोन करून उपयोग नाही. मुदत संपली की फोन टाळा, ईमेल करा: सेट-अपची तारीख, मोजले जाणारे व्यवहार एकाखाली एक, बेरीज आणि तो स्क्रीनशॉट. तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, ती फुकट आहे. मदतीचा क्रमांक १४४४८. ज्याने तोंडी वचन दिलं तो टेबलावरचा मुलगा आता दुसऱ्या कंपनीत असतो, त्याला शोधत बसू नका.

पायरी १०: बुकिंग करा आणि नको असेल तर कार्ड नीट बंद करा

बँकेचे पॉइंट हॉटेलकडे वळवले की परत येत नाहीत. म्हणून हॉटेलच्या साइटवर तुमच्या तारखेला पॉइंटवर खोली दिसतेय हे आधी पाहा, मगच वळवा आणि लागतात तेवढेच वळवा. पॉइंट पोचायला काही दिवस लागू शकतात, तेव्हा लग्नाच्या दोन दिवस आधी हा उद्योग नको. बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून करा. रद्द करायची शेवटची वेळ, जादा माणसाचा आकार आणि नाश्ता धरलाय का, हे तिथेच वाचा. आपल्याकडे दोघांच्या खोलीत आजीसह पाच जण जातात, काउंटरवरचा वाद त्यावरूनच होतो.

पहिलं वर्ष फ्री असलेलं कार्ड ठेवायचं नसेल तर वर्ष पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी बंद करायला घ्या. त्याआधी पॉइंट वापरा किंवा वळवा, वीजबिल आणि मोबाइल रिचार्जची आपोआप कपात दुसरीकडे लावा आणि बाकी शून्य करा. बाकी नसताना केलेली विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली पाहिजे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ₹५०० तुम्हाला देणं लागतं. म्हणून विनंती लेखी करा, तारीख दिसली पाहिजे. ‘सर, फी माफ करतो, ठेवा’ असा फोन येईल. ठेवायचं असेल तर माफीचा ईमेल आल्यावरच हो म्हणा. बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टवर ते खातं ‘बंद’ दिसतंय का तेवढं पाहा.